पॅरामोटर, तुराट्या आणि वावटळ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात पॅरामोटरवर दोन पानं लिहिली आणि शेवटी "काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा" असं लिहून बसलो, त्याची फळं आता भोगतोय, पत्रांचा ढीग पडलाय. ज्यांच्या हातात तो अंक आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, पाठीवर २५-३० किलोचं इंजिन आणि पंखा, डोक्यावर पॅराग्लायडरची कापडी विंग, डोंगर-कडा काही लागत नाही, मोकळं सपाट रान पुरतं, म्हणून आपल्या मराठवाड्यात हे जमतं. आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न इंजिनाचे आहेत, कोणतं घेऊ, किती सीसीचं घेऊ, ॲव्हरेज किती देतं. अहो, इंजिन वर बंद पडलं तर विंग तुम्हाला तरंगत खाली आणते, पण विंगच रुसली तर इंजिन काय करणार? म्हणून यावेळी जास्त जागा विंगला दिलीय, इंजिनवाल्यांनी राग मानू नये.

प्रश्न : सहा वर्षं जुनी विंग स्वस्तात मिळू लालीय. विकणारा म्हणतो फक्त ४० तास उडालीय, कापड बघितलं तर एकदम कोरं दिसतंय. घ्यावी का? माझं वजन ७८ किलो आहे. (शिक्षक, अंबाजोगाई)

गुरुजी, त्या "फक्त ४० तास" मधला "फक्त" आधी बाजूला ठेवा. उडायचे तास लोक लिहितात, पण विंग रानात पसरून ठेवून फोटो काढले, चहा झाला, वाऱ्याची वाट बघत दोन तास गेले, ते कुणी लिहीत नाही आणि उन्हाला मात्र हे सगळे तास सारखेच. विंगचं कापड नायलॉनचं असतं आणि त्यातून हवा जाऊ नये म्हणून वर एक कोटिंग असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी धागा पण कमजोर होतो आणि कोटिंग पण जातं. रंग उडालेला नसला म्हणजे कापड ठीक आहे असंही नाही.

आता बघायचं कसं ते सांगतो. विंग आतून कप्प्याकप्प्यांची असते आणि दोन कप्प्यांमध्ये कापडी पडदा असतो, बहुतेक मधल्या किंवा टोकाच्या पडद्यावर, एक लेबल शिवलेलं असतं. त्यावर सिरियल नंबर, बनवल्याचं साल, साइज, किती किलोपासून किती किलोपर्यंत हे सगळं असतं. लेबल नसेल किंवा "धुताना गेलं" असं कुणी सांगत असेल तर तिथूनच परत फिरा. लेबलवर युरोपच्या ईएन ९२६ चाचणीचा वर्ग पण दिसेल, ए, बी, सी, डी. नवख्याने ए, फार तर सौम्य बी. मग विंग उजेडात धरून एकेका कप्प्यात डोकं घाला, खरंच डोकं घाला, लाजू नका. आतल्या पडद्यांना, शिलाईच्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं असली तरी उजेडाचे ठिपके चमकतात, बाहेरून ती कधीच दिसत नाहीत. कापड हातात चुरगाळून बघा, नवं कापड कागदासारखं करकरतं आणि दमलेलं धुतलेल्या रुमालासारखं गप्प बसतं. हा फक्त अंदाज झाला, चाचणी नव्हे. खरी चाचणी पोरोसिटी मीटरने होते, ठरावीक हवा कापडातून जायला किती सेकंद लागतात ते मोजतात, चांगल्या कापडात शेकड्याने सेकंद आणि मेलेल्या कापडात बघता बघता हवा पार. सोबत कापड फाटायला किती ताण लागतो ते पण बघतात. जिथे शिकलात किंवा शिकणार आहात (आपल्याकडची बरीच पोरं पुणे जिल्ह्यातल्या कामशेतलाच जातात) तिथे विचारा, चेकिंग कुठे करून मिळतं ते त्यांना माहीत असतं. चेकिंगचा खर्च विकणाऱ्याने करावा. नाही म्हणाला तर समजून जा.

आता वजन. विंगवरचं वजन म्हणजे तुमचं एकट्याचं नाही हो. ७८ तुम्ही, २८ इंजिन, साडेपाच-सहा विंग, दहा लिटर पेट्रोल म्हणजे साधारण साडेसात किलो, हेल्मेट, बूट, रिझर्व्ह (अडचणीच्या वेळचं जादा पॅराशूट) मिळून चार, झाले की १२३. लेबल ८५ ते १०५ चं असेल तर ती विंग तुम्हाला लहान आहे. लहान विंग वेगाने पळते, वळताना झटकन झुकते, टेकऑफला जास्त धावावं लागतं आणि लँडिंगला पण पाय जोरात पळवावे लागतात. काही कंपन्या पॅरामोटरसाठी वेगळी, जास्तीची मर्यादा देतात, ती त्यांच्या पुस्तिकेत असते. विकणाऱ्याच्या तोंडी असेल तर ती धरू नका.

प्रश्न : पावसाळ्यानंतर माझी विंग टेकऑफला मागेच रेंगाळते, डोक्यावर यायलाच तयार नाही. कापड चांगलं आहे. वारा कमी पडतो का? (उदगीर)

वाऱ्याला दोष देऊ नका, दोऱ्या मोजा. ही तक्रार मला यावर्षी चौघांनी सांगितली आणि चौघांचीही विंग पावसाळ्यात एकदा तरी भिजलेली होती.

विंगच्या दोऱ्या मुख्यतः दोन जातीच्या. डायनिमा आणि अरामिड. अरामिड ताणात लांब होत नाही, पण वारंवार एकाच जागी दुमडली की आतून तुटत जाते आणि ऊन पण सोसत नाही. डायनिमा दुमडण्याला चांगली, पण ओली होऊन वाळली की आखडते आणि उष्णता तिला अजिबात चालत नाही. पुढच्या, म्हणजे ए लाइन्सवर जास्त ताण येतो, त्या तशाच राहतात किंवा किंचित लांब होतात, मागच्या लाइन्सवर ताण कमी, त्या आखडून बसतात. झालं, विंगचं शेपूट कायम खाली ओढलेलं, जणू तुम्ही हलका ब्रेक लावूनच उडताय. एक-दोन सेंटीमीटरचा फरक पुरेसा असतो. अशी विंग डोक्यावर यायला आळशीपणा करते आणि हवेत पॅराशूटल स्टॉलच्या जवळ राहते, म्हणजे पुढे न जाता छत्रीसारखी सरळ खाली. त्यात तुम्ही फुल थ्रॉटल दिला, ट्रिमर (मागच्या दोऱ्या सैल-घट्ट करून वेग बदलायचे पट्टे) बंद आणि हातात ब्रेक, तर धोका दुप्पट, कारण इंजिन तुम्हाला पुढे ढकलतं आणि विंग मागे राहून तिचा कोन आणखी वाढतो.

ओळखायचं असं, कानातला वारा एकदम शांत होतो आणि ब्रेक हाताला ढिले लागतात. तसं झालं तर ब्रेक पूर्ण वर सोडा, थ्रॉटल कमी करा, ट्रिमर थोडे उघडा. पण आधी मोजून घ्या, म्हणजे वर हा प्रसंगच येणार नाही. आम्ही मोजायला लातूरचं एक मंगल कार्यालय घेतो, लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी. चकचकीत फरशी, वारा नाही, धूळ नाही, सकाळी मालक झाडू मारून देतो. एक टोक हुकाला, दुसऱ्या टोकाला पाच किलोचा ताण, आणि लेसरने प्रत्येक दोरी कंपनीच्या तक्त्याशी जुळवायची. शंभरेक दोऱ्या असतात, अर्धा दिवस जातो. मागच्या खेपेला मध्येच कॅटरिंगवाला आला आणि विचारून गेला, मांडव कुणाचा आहे म्हणून.

फरक सापडला तर स्वतः गाठी मारत बसू नका. काही विंगना रायझरपाशी, म्हणजे दोऱ्या जिथे हार्नेसच्या पट्ट्यांना जोडतात तिथे, लूप फिरवून लांबी जुळवायची सोय असते, पण ते काम जाणकाराचं.

प्रश्न : तुरीच्या रानात उतरलो, दोऱ्या अडकल्या, ओढून काढल्या. तुटलं काही नाही. काळजीचं कारण आहे का? (कळंब)

आहे. मी हेच केलं होतं म्हणून सांगतो. तूर कापल्यावर खाली जे खुंट राहतात ते विळ्याने तिरके कापलेले असतात, टोकदार, आणि त्यांची उंची बरोब्बर दोऱ्या अडकायच्या उंचीची. माझी एक दोरी अशाच खुंटाला अडकली, संध्याकाळ झालेली, मच्छर चावत होते, मी मारला एक हिसका आणि निघालो. वरचं आवरण बोटाच्या पेराएवढं खरवडलं होतं, मी म्हटलं वरचंच आहे. महिन्याने दोन्ही बोटांत धरून ती जागा दुमडली तर आत गाभ्याचे पांढरे तंतू उभे राहिले, झाडूच्या काड्यांसारखे. आणि ती ए लाइन होती. त्या महिन्यात मी सहा वेळा उडालो होतो!

तर दोरी ओढायची नाही. वाकायचं, खुंटापाशी जायचं, हाताने सोडवायची. घरी आल्यावर प्रत्येक दोरी अंगठा आणि बोटाच्या चिमटीतून खालून वर सरकवत न्यायची, कुठे पातळ लागली, कुठे फुगीर, कुठे कडक, लगेच कळतं. आवरण फाटलं म्हणजे दोरी बदलायची आणि तीच कंपनीची, त्याच जाडीची, त्याच लांबीची. बाजारातली नायलॉनची सुतळी नाही. (हसू नका, बघितलंय.) कापडाला बोराटीच्या काट्याने नखाएवढं भोक पडलं आणि शिलाईपासून लांब असेल तर रिपस्टॉपची (विंगसारख्याच कापडाची) चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी, कोपरे गोल कापून लावली की चालते. शिलाईजवळ असेल किंवा त्याहून मोठं असेल तर शिवणाऱ्या जाणकाराकडे द्या, गावातल्या टेलरकडे नको, तो कितीही भारी सफारी शिवत असला तरी.

आणि जागा निवडताना सोयाबीन निघालेलं रान बरं, पऱ्हाटी आणि तुराट्या टाळा, उसात उतरलात तर मालकाशी आधी बोला मग विंगशी. सगळ्यात भीती मला बिनकठड्याच्या विहिरीची वाटते, वरून ती झुडपासारखी दिसते, म्हणून नव्या रानात आधी पायी एक चक्कर मारा आणि मोटारीची वायर कुठून कुठे गेलीय ते पण बघून ठेवा. खांब दिसतात, दोन खांबांमधली तार दिसत नाही.

प्रश्न : चिखलात पडलेली विंग घरच्यांनी धुण्याच्या पावडरीत भिजवून, पिळून, गच्चीवर वाळत घातली. आता? (सिल्लोड)

घरच्यांचं काही चुकलं नाही, चिखलाचं कापड दिसलं की ते धुणारच. पण पावडरीने कोटिंगला मार बसतो आणि पिळल्याने तर जास्तच, वर गच्चीचं ऊन. आता चेकिंगशिवाय उडू नका. पुढच्या वेळी चिखल आधी सावलीत वाळू द्यायचा, काळी माती वाळली की खपलीसारखी निघते, मग मऊ ब्रशने हलकं झटकायचं. अगदीच लागलं तर नुसत्या गार पाण्याने स्पंजने पुसायचं. मशीन नाही, साबण नाही, इस्त्रीचं तर नावच नको.

ठेवायची पण सांगून टाकतो कारण हा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात विंग ठेवणं म्हणजे तव्यावर ठेवण्यासारखं, गाडीच्या डिकीत तेच, आणि तिथे शेजारी पेट्रोलचा कॅन असेल तर आणखी वाईट. ओली घडी घालू नका, बुरशी लागते. घडी घालताना आत नाकतोडा राहिला तर तो बाहेर यायला कापड कुरतडतो, आपल्याकडे सोयाबीनच्या दिवसांत हे हमखास, म्हणून कप्पे झटकून मगच घडी. घडी सैल घाला, दरवेळी त्याच रेषेवर नको. आणि उंदीर. धान्याच्या पोत्याशेजारी विंग ठेवणारा माणूस मी बघितलाय, त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, तो हे मासिक वाचतो.

प्रश्न : एप्रिलमध्ये आमच्या जत्रेत दुपारी बारा वाजता पालखीवर पॅरामोटरमधून फुलं टाकायची आहेत. मोठे पाहुणे येणार आहेत. पायलट तयार आहे. काय काळजी घ्यावी? (यात्रा कमिटी, परभणी जिल्हा)

टाकू नका, हीच काळजी.

रागावू नका, कारण सांगतो. एप्रिलमध्ये दुपारी बाराला नांगरलेली काळी रानं तापून वर गरम हवेचे लोट सोडत असतात, शेजारचं उसाचं रान गार, मग हवा कुठे वर कुठे खाली. त्यातून वावटळ उठते. रानात धूळ असली की ती दिसते तरी, गवतावर किंवा डांबरावर तीच वावटळ न दिसता फिरते. जमिनीवरसुद्धा ती सोडत नाही. एकदा औशाकडे आम्ही लिंबाखाली पाणी पीत बसलो होतो, एक पोरगा हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) घालून विंग जोडून उगीच उभा, वारा मुळीच नव्हता, अचानक चुरगाळलेल्या कागदासारखी विंग उभी राहिली आणि पोराला वीसेक फूट फरफटत घेऊन गेली. इंजिन बंद होतं आणि पाठीवर पण नव्हतं म्हणून नुसतं गुडघ्यावर निभावलं. तेव्हापासून आमच्यात नियम आहे, उडायचं नसेल तर विंग गोळा करून ठेवायची आणि जोडणी सुटी. उडायचं म्हटलं तर सूर्य उगवल्यापासून दोन-अडीच तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास-दीड तास, मधला दिवस झोपायला आहे.

दुसरं म्हणजे फुलं. पंखा पाठीमागे असतो आणि हवा पुढून मागे खेचतो. हातातून सुटलेली पाकळी, पिशवी, हाराचा दोरा, सगळं त्याच्यातच जाणार. पाकळीने एखादवेळी काही होणार नाही, हाराच्या दोऱ्याने पाती फुटू शकतात आणि तुटलेला तुकडा लागला तर विंगच्या दोऱ्याही तुटतात. आणि खाली हजारो माणसं, इंजिन बंद पडलं तर उतरणार कुठे, पालखीवर?

तिसरं परवानगी. गर्दीचे कार्यक्रम, मोठ्यांचे दौरे असले की ड्रोन, पॅराग्लायडर, पॅरामोटर यांच्यावर मनाईचे आदेश निघतात, पूर्वी ते कलम १४४ खाली निघायचे, जुलै २०२४ पासून नव्या कायद्याच्या कलम १६३ खाली. पोलीस आणि जिल्हा प्रशासनाकडून लेखी घेतल्याशिवाय पाय उचलू नका, आणि छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर या विमानतळांच्या आसपास तर स्वतःच्या मनाने मुळीच नाही. पायलट तयार आहे म्हणालात, त्याच्या घरच्यांना पण एकदा विचारा.

प्रश्न : नाथसागरावरून खाली रोहित पक्षी बघत उडायचं स्वप्न आहे. कितपत शक्य? (पैठण)

स्वप्न मलाही पडतं. पण नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी, ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, इंजिनाच्या आवाजाने सगळा थवा उठणार, तो आपल्यासाठी उठवायचा का? वनखात्याने हो म्हणायचा प्रश्नही त्यानंतरचा.

ते सोडा, पाणीच मुळात पॅरामोटरचं वैरी. पाठीला २५-३० किलो लोखंड-ॲल्युमिनियम बांधलेलं, पाण्यात पडलात की ते तुम्हाला तोंडावर पालथं करतं, वरून विंग आणि दोऱ्या अंगावर. पोहता येणं तिथे फारसं कामाला येत नाही, या खेळात बुडून बरेच लोक गेलेत. साधा हिशेब करा, इंजिन बंद पडलं तर विंग एक मीटर खाली येताना साधारण सहा मीटर पुढे जाते असं धरा, म्हणजे ३०० मीटर उंचीवरून १८०० मीटर, तेही वारा नसताना. समोरून वारा असला तर ते अंतर झपाट्याने कमी. नाथसागराचा फुगवटा त्याच्या कितीतरी पट. म्हणून काठाच्या जमिनीवरून उडा, उतरायची कोरडी जागा कायम टप्प्यात ठेवा, आणि पाण्याजवळ उडणारच असाल तर पडल्यावर आपोआप फुगणारं फ्लोटेशन फ्रेमला लावून घ्या. पक्षी मात्र काठावरून दुर्बिणीने बघा.

प्रश्न : रिफ्लेक्स विंग आहे. ट्रिमर उघडून वेगात जाताना ब्रेकने वळलो तर विंग थरथरली. विंगमध्ये दोष आहे का? (नांदेड)

दोष हाताचा आहे. रिफ्लेक्स विंगमध्ये ट्रिमर सोडले की मागची कड किंचित वर वळते, दाबाचा केंद्रबिंदू पुढे जातो आणि विंगचं तोंड बंद व्हायला सहज तयार होत नाही, म्हणून ती वेगातही घट्ट राहते. तुम्ही ब्रेक ओढला की तीच मागची कड खाली येते, रिफ्लेक्स गेला, वेग मात्र तसाच, आणि पुढची कड दुमडायला मोकळी. ती थरथर म्हणजे विंगने दिलेली नोटीस होती. ट्रिमर उघडे असताना ब्रेक सोडून द्या, नुसती विंगची टोकं ओढून वळायच्या वेगळ्या मुठी असतात त्या वापरा. ब्रेक हवेच असतील, म्हणजे उतरताना, तर आधी ट्रिमर दोन्ही बाजूंचे सारखे बंद करून या. आणि पुस्तिका वाचा, प्रत्येक कंपनीचं थोडं वेगळं असतं.

थोडक्यात काही

*रिझर्व्ह पॅराशूट किती दिवसांनी उघडून परत बांधावं? (हिंगोली)* सहा महिने ते वर्ष, कंपनी म्हणेल तसं. हाताशी आहे पण तीन वर्षं घडीतच आहे, ते आपल्या फक्त समाधानाला.

*पंपावरच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने काही होतं का? (जालना)* इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरच्या रबरी पडद्यांना, नळ्यांना त्रास देतं. ऑइल मिक्स केलेलं पेट्रोल साठवू नका, उडून झालं की टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करा.

*संक्रांतीत उडावं का? (छत्रपती संभाजीनगर)* शहराजवळ नको. नायलॉन मांजावर २०१७ पासून बंदी असली तरी तो दिसतोच, आणि तुमचा गळा काय, दोऱ्या काय, त्याला सगळं सारखंच.

*लग्नात नवरदेव पॅरामोटरने मांडवात उतरवायचा आहे, खर्चाचं काही नाही. (माजलगाव)* दोघांना उडायला दोघांच्या वजनाची टँडम विंग लागते, टँडमचं शिक्षण घेतलेला पायलट लागतो आणि बहुतेक वेळा चाकांची ट्राइक लागते, हे सगळं मिळेलही एखादवेळी. पण मुहूर्त दुपारी साडेबाराचा आहे असं तुम्हीच लिहिलंय, आणि फेट्याचा शेमला कुठे जाईल ते वर फुलांच्या प्रश्नात सांगितलंय. घोडा बघा.